चाटी गल्लीतल्या दुकानासाठी घेतलेली डिजिटल जाहिरात सेवा : तीन महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचे चादरी आणि टॉवेलचे दुकान वडिलांपासून चालत आले आहे. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी जुळे सोलापुरातील एका डिजिटल जाहिरात संस्थेला तीन महिन्यांचे काम दिले. दरमहा १८,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असा दर होता; त्यात महिन्याला आठ रील तयार करून देणे आणि फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूबवर ८,००० रुपयांच्या जाहिराती चालवणे धरलेले होते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारी ज्या पद्धतीबद्दल आहेत ती पद्धत, काम देण्यापूर्वी गावात आणखी चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा, थोड्याफार फरकाने सगळीकडेच दिसली होती.

वडिलांच्या काळी जाहिरात म्हणजे सिनेमागृहात मध्यंतरात पडद्यावर येणारी काचेची स्लाइड. ती पेंटरकडून रंगवून घ्यायची, महिन्याचे पैसे मॅनेजरकडे भरायचे आणि एखाद्या रविवारी स्वतःच तिकीट काढून ती खरोखर लागते की नाही हे पाहून यायचे, एवढाच हिशेब असे. पुढे केबलवाल्याच्या चित्रपट वाहिनीवर खालून सरकणारी पट्टी आली, दिवाळीत वर्तमानपत्रात घालून वाटायची पत्रके आली. यांपैकी कशाचाही उपयोग किती झाला हे कळायला मार्ग नव्हता. स्लाइड लागली की अर्धे प्रेक्षक चहा-भज्यांसाठी उठून गेलेले असत. यूट्यूबने २०१० च्या सुमारास पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळण्याची सोय दिली, ती आमच्या प्रेक्षकांनी कितीतरी आधीच शोधून काढली होती.

खरा बदल झाला तो २०१६ नंतर. त्या वर्षी सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि दुकानातली पोरे जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारण्याऐवजी फोन पाहू लागली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या आणि करमणुकीचा आकार मिनिटाभराच्या उभ्या चित्रफितीएवढा झाला. जाहिरातही आता त्याच चौकटीत, दोन विनोदांच्या किंवा दोन नाचांच्या मध्ये येते. तिने स्वतःच करमणूक केली नाही तर अंगठा तिला वर सरकवून मोकळा होतो. त्यामुळे या सेवेबाबत मला दोनच गोष्टी पाहायच्या होत्या : या मंडळींना लोकांना थांबवून ठेवता येते का, आणि थांबलेली माणसे आमची गिऱ्हाइके होण्याजोगी असतात का. पहिल्या बाबतीत त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले काम केले. दुसऱ्या बाबतीत मला बरेच भांडावे लागले.

पहिल्या भेटीत दाखवलेला नमुना मला पसंत नव्हता. एक मुलगी दुकानाच्या पायरीवर उभी राहून ‘मंडळी, थंडी आली बरं का’ म्हणते आणि मागे कोणतेसे चालते गाणे वाजते, असा तो प्रकार होता; त्यात चादरीऐवजी मिठाई ठेवली असती तरी चालले असते. मी तसे स्पष्ट सांगितल्यावर त्यांचा चित्रीकरण करणारा मुलगा म्हणाला, “मालक, मग दुकान नको, माग दाखवू या.” आम्ही अक्कलकोट रोडवरच्या, मी जिथून माल उचलतो त्या यंत्रमाग कारखान्यात गेलो. तिथे त्याने तीन तास काढले. हवेत उडणारे सुताचे तंतू भिंगावर बसत होते म्हणून तो दर थोड्या वेळाने मऊ कापडाने ते पुसत होता. आडवे सूत वाहून नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना डोळ्याला दिसत नाही. त्याने तो संथ गतीत टिपला, वर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या दोऱ्या उठताना-बसताना दाखवल्या आणि खाली चादरीवर मोर ओळीओळीने उमटत गेला. शेवटी त्याने कोपऱ्यात धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या अक्कांना कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितले. त्या मान वर न करता म्हणाल्या, “तिकडं काय बघू बाबा, माझं सूत तुटतंय की.” मी हे वाक्य कापायला सांगणार होतो. त्याने ते शेवटाला ठेवले आणि गाणे न घालता मागाची खटखट तशीच राहू दिली. २७ सेकंदांची ही रील आमच्या तिन्ही महिन्यांतली सर्वांत जास्त शेवटपर्यंत पाहिली गेलेली चित्रफीत ठरली, आणि दुकानात येणारे लोक अजूनही ‘सूत तुटतंय की’वाली चादर दाखवा म्हणतात.

भाषेची सूचना मात्र माझी होती आणि संस्थेने ती मन लावून अमलात आणली. सोलापुरात मराठीच्या जोडीने तेलुगू आणि कन्नड रोजच्या व्यवहारात चालते. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगूच बोलली जाते आणि इंडी-विजयपूरकडून लग्नाचा बस्ता बांधायला येणारी मंडळी कन्नड बोलतात. सिनेमाची स्लाइड एकच असे, ती सर्वांना मराठीतच वाचावी लागे. इथे एकाच रीलला तीन आवाज देऊन प्रत्येक आवाज ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवता येतो, आणि त्याचा वाढीव खर्च जवळपास काहीच नाही. तेलुगू निवेदन अक्कांच्या मुलीने केले, तिला त्याचे मानधन मिळाले.

आता हिशेबाकडे येतो. पहिल्या महिन्याचा अहवाल रंगीत आलेखांसह आला आणि त्यात २ लाख १० हजार व्ह्यूज झाल्याचे ठळक अक्षरांत लिहिले होते. दुकानातली वर्दळ मात्र होती तेवढीच होती, आणि फोन येत होते ते घरपोच पाठवता का असे हिंदीतून विचारणारे. मी गावनिहाय आकडे मागितले. ते मिळायला नऊ दिवस लागले आणि त्यातून कळले की जाहिरात संपूर्ण भारतासाठी लावलेली होती, कारण तसे केल्याने व्ह्यू स्वस्तात मिळतात आणि अहवाल भरघोस दिसतो. वाचकांपैकी कोणी अशी सेवा घेणार असेल तर व्ह्यू म्हणजे काय हे आधी समजून घ्यावे. इन्स्टाग्रामवर रील सुरू झाली की व्ह्यू धरला जातो आणि तीच रील पुन्हा वाजली की तोही मोजला जातो. यूट्यूबवर वगळता येणाऱ्या जाहिरातीचे पैसे साधारणपणे तेव्हा लागतात जेव्हा प्रेक्षक ती ३० सेकंद, किंवा त्याहून छोटी असल्यास पूर्ण, पाहतो अथवा तिच्यावर टिचकी मारतो. हे दोन आकडे एका रकान्यात मिळवून एकच बेरीज दाखवणे म्हणजे मीटर आणि किलो एकत्र करण्यासारखे आहे, आणि आमच्या अहवालात नेमके तेच केले होते.

दुसऱ्या महिन्यात मी जाहिरात सोलापूरपासून ६० किलोमीटरच्या वर्तुळात मर्यादित करायला लावली. आकडा ३१ हजारांवर आला आणि संस्थेच्या व्यवस्थापक बाईंचा चिंतेच्या सुरात फोन आला की काका, रीच, म्हणजे जाहिरात किती जणांपर्यंत पोहोचते तो आकडा, फारच खाली गेला आहे. मला त्याची चिंता वाटली नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत ठिकाण निवडले की तिथे राहणाऱ्यांबरोबर अलीकडे तिथे येऊन गेलेलेही धरले जातात. अक्कलकोट आणि तुळजापूर आमच्या वर्तुळात येत असल्यामुळे दर्शनाला आलेली बाहेरगावची मंडळीही त्यात आपोआप सापडत होती, आणि सोलापूरहून जाताना चादर नेणे हा तर त्यांचा जुनाच रिवाज आहे. गल्ल्याजवळ मी एक वही ठेवली होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला, दुकान कसे कळले, एवढेच विचारत होतो. पहिल्या महिन्यात रीलचे नाव घेणारे ११ जण निघाले, तिसऱ्या महिन्यात ७४. संस्थेच्या चौदा पानी अहवालापेक्षा मला या वहीचा भरवसा अधिक वाटतो.

पैशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खटकली. ८,००० रुपयांच्या जाहिराती चालवल्या असे बिलात असे, पण फेसबुक-यूट्यूबच्या कंपन्यांकडून येणारी मूळ पावती कधी जोडलेली नसे. मी ती आग्रहाने मागितली तेव्हा दुसऱ्या महिन्यात ६,४५० रुपयेच खर्च झालेले निघाले. उरलेले सेवाशुल्कात धरले आहेत, असे उत्तर मिळाले. करारात तसे काही नव्हते हे दाखवल्यावर ती रक्कम तिसऱ्या बिलातून वळती झाली. शिवाय जाहिरातीचे खाते त्यांच्याच नावावर उघडलेले होते. आमच्या रील पाहिलेल्या लोकांना पुन्हा जाहिरात दाखवण्याची जी सोय असते ती त्या खात्याशी बांधलेली असल्याने, करार संपला तेव्हा तीन महिन्यांत जमवलेला हा प्रेक्षक त्यांच्याकडेच राहिला. खाते दुकानदाराच्या नावावर उघडून संस्थेला फक्त वापराची परवानगी देता येते, हे मला उशिरा कळले.

एका स्थानिक रीलवाल्याकडून संस्थेने आमच्या टॉवेलची स्तुती करून घेतली, त्या रीलवर ती जाहिरात असल्याचा उल्लेख नव्हता. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ सालीच असा उल्लेख आवश्यक ठरवला आहे; मी सांगितल्यावर तो घातला गेला, परंतु हे माझ्यासारख्या ग्राहकाने सांगायची वेळ येऊ नये.

गुण द्यायचे तर चित्रीकरणाला मी पाचांपैकी साडेचार देईन आणि हिशेबाला दोन. मूळ करार मी पुढे चालू ठेवलेला नाही. आता प्रत्येक रीलचे १,५०० रुपये एवढ्यावर फक्त चित्रीकरण त्यांच्याकडे आहे, खाते माझ्या नावावर आहे आणि जाहिरातीचे पैसे माझ्याच कार्डातून जातात. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेआधी आणखी दोन रील घ्यायचे ठरले आहे. कांड्या भरणाऱ्या अक्कांनी निरोप पाठवला आहे की या वेळी आधी सांगून या, चांगली साडी नेसते. चित्रीकरण करणारा मुलगा मात्र तारीख त्यांना कळू देऊ नका म्हणून माझ्या मागे लागला आहे.