रेडिएटरचं लिक्विड स्टॉप-लीक: काम करतं, पण सगळीकडे नाही

रेडिएटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर कूलंटमध्ये ओतायचं हे गळती बुजवणारं औषध चालतं. प्लास्टिक टाकी जिथे जाळीला दाबून बसवलेली असते तो जोड, वॉटर पंपचं सील, फाटलेला होज (रबरी पाइप), इथे पैसे वाया. आधी कॅपचं रबर आणि होजच्या क्लिप तपासा. बऱ्याच ‘लीक’ तिथेच सापडतात.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना कॅप उघडलीत तर उकळतं पाणी अंगावर येईल. बाटली जोरात हलवा, कारण गाळ तळाशी बसतो. जागा नसेल तर थोडं कूलंट काढा आणि थेट रेडिएटरमध्ये ओता. रिझर्व्ह टाकीत ओतलं तर बरंचसं तिथेच बसून राहतं. मग हीटर फुल गरमवर ठेवून 15-20 मिनिटं इंजिन चालू ठेवा.

छोट्या हॅचबॅकमध्ये कूलंट जेमतेम 4-5 लिटर असतं. मोठ्या गाडीच्या मापाची बाटली अख्खी रिकामी केली तर हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्या तुंबू शकतात. त्यात बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका, नुसता चिखल! एखाद्या वेळी पुण्याहून महाबळेश्वर गाठायला हे औषध ठीक. पसरणीचा घाट रोजचा असेल तर सरळ नवीन रेडिएटर बसवा.