डायव्हिंगच्या रेग्युलेटरपायी 64,500 रुपयांना गंडा

सेकंडहँड स्कूबा रेग्युलेटर (पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं यंत्र) घेणाऱ्यांनो, हे वाचल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. माझे 64,500 गेले. बुकिंगचे 20,000, ‘माल पॅक झाला’ म्हटल्यावर 43,800 आणि कुरिअरचे 700. नवा सेट परवडत नव्हता आणि सोलापुरात ही वस्तू हातात घेऊन बघणार कुठे? माणूस ऑनलाइनच शोधणार ना!

मला 40 मीटर आणि त्यापुढच्या टेक्निकल कोर्ससाठी सेट हवा होता. बॅलन्स्ड डायफ्रॅमची (सिलिंडर रिकामा होत आला तरी श्वास जड न होणारी), सील्ड (आत पाणी न शिरणारी) फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरला जोडून दाब कमी करणारा भाग, आणि 300 बारचं डिन कनेक्शन, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारं, एवढं स्पष्ट लिहून दिलं होतं. विकणारा म्हणाला, "हो दादा, तोच आहे."

फोटोत मात्र योक दिसत होता, सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर आवळायचा तो क्लॅम्प. मी लगेच विचारलं. म्हणाला, "डिनच आहे, वर अडॅप्टर लावलाय." असे अडॅप्टर खरंच मिळतात, सर्रास वापरतात, म्हणून पटलं. व्हिडिओ कॉलवर म्हटलं, काढून दाखवा. तर हा पाना शोधायला लागला! अडॅप्टर हातानं फिरवून निघतो, त्याला पाना कशाला? मला हे माहीत होतं. शिवाय कॉलभर त्याचा अंगठा सिरियल नंबरवरच. तो अंगठा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच "पुण्याचं गिऱ्हाईक दारात उभंय" असा फोन आला. अशा घाईत भलेभले पैसे पाठवतात.

आलं काय? योक अंगचाच. आत अनबॅलन्स्ड पिस्टन. नंबर कानशीनं घासलेला. तारकर्लीला एका जाणकारानं गेज लावलं. इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब, साडेनऊ बारच्या आसपास थांबायला हवं. काटा सरकत सरकत 12 च्या पुढे गेला आणि सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा आपोआप फसफसायला लागली. उघडलं तर स्प्रिंगपाशी हिरवा गंज.

पैशाचं सोडा. 40 मीटरवर दाब 5 बार असतो, हवा पाचपट दाट होते. अनबॅलन्स्ड पिस्टन असेल तर सिलिंडर रिकामा होईल तसा श्वास जड होत जातो. म्हणजे नेमकं वर येताना! हा माणूस जीव विकतोय.

आणि पोलीस ठाण्यात ऐकायला काय मिळालं? "सोलापुरात कुठंय समुद्र?" मग, "वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा." तिथे सांगितलं, विकणारा दुकानदार नाही, पोलिसांकडे जा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तोवर खातं रिकामं. एक वस्तू सांगून दुसरी गळ्यात मारणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 कशासाठी आहे मग? लेखी अर्ज दिला तर पोच द्यायलाही टाळाटाळ. पोच घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस आयुक्तांना लेखी पाठवा.

सिरियल नंबर आधी मागा आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. सर्व्हिसची पावती नंबरासकट हवी. ‘नायट्रॉक्सला (जादा ऑक्सिजनच्या हवेला) चालतो’ एवढ्यावर जाऊ नका; 40 टक्क्यांपुढच्या ऑक्सिजनला वेगळी सफाई लागते. गेज लावून काटा स्थिर दिसेपर्यंत पैसे नाहीत.

तेच फोटो आता दुसऱ्या नावानं, 58,000 ला लागलेत. पिवळा होज, खाली निळी चटई, आणि योकच्या स्क्रूवर आडवा ओरखडा. दिसला तर त्याला अडॅप्टर हातानं काढून दाखवायला सांगा.