गॅस गिझर बसवताय? आधी माझे २२,३७५ रुपये कसे गेले ते वाचा

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे तो सांगायची लाज एकदाची संपेल. बावीस हजार तीनशे पंच्याहत्तर. त्यातले २०,६०९ त्या माणसानं नेले आणि १,७६६ त्यानं करून ठेवलेलं निस्तरण्यात गेले. मी अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, चुका काढते, परत पाठवते. त्यामुळे जरा जास्तच झोंबलंय.

प्रकार तुमच्या ओळखीचाच आहे. सोसायटीत पाइपचा गॅस आला, मीटर बसले आणि त्याच आठवड्यात गळ्यात आयकार्ड अडकवलेला माणूस दारात. ‘मॅडम, गिझर पॉइंट घेताय ना? स्कीम महिनाअखेरपर्यंतच आहे.’ पुढचं सांगायला नको. फक्त एक गोष्ट सांगते, कारण मी तिथेच गारद झाले. त्याला माझा ग्राहक क्रमांक माहीत होता, तोही कागद न बघता सांगत होता. कंपनीचा माणूस नसता तर नंबर कळला कसा, असं मी नवऱ्यालाच उलट विचारलं. महिन्याभरानं खाली गेले तर आमच्या विंगेची गॅसबिलं जिन्याखालच्या उघड्या पेटीत पडलेली, कोणीही यावं आणि बघावं. तुमची बिलं कुठे पडतात ते आजच बघून या.

लोक म्हणतात, स्वस्तात मिळतंय म्हणून भुललीस. स्वस्त कुठे होतं? कारणं वेगळीच होती: विजेच्या गिझरचं बिल, सकाळी तिघांच्या आंघोळी, मुलीचं सातचं कॉलेज. गॅस गिझर चालू केला की मिनिटाला सहा लिटर गरम पाणी, थांबायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी याच माणसाकडून बसवला होता आणि त्यांचा आठ दिवस झकास चालला होता. आता तुम्ही सांगा, मी आणखी काय बघायला हवं होतं? (बघायला हवं होतं ते सांगतेच पुढे.)

बिल असं: गिझर ८,९००. बाथरूमपर्यंत जोडणी ४,५००. ‘कंपनी परवानगी फी’ २,३६०. एक्झॉस्ट किट (जळलेला गॅस खिडकीबाहेर सोडणारा पाइप) १,८५०. दोन वर्षांची देखभाल २,९९९. दहा हजार आगाऊ यूपीआयनं, बाकीचे १०,६०९ रोख. यूपीआयवर दुकानाचं नाव आलं नाही, एका बाईंचं आलं. ‘मिसेसचं खातं आहे, मॅडम, दुकानाचं लिमिट संपलंय.’ बरं म्हटलं. पैसे टाकताना पडद्यावर नाव दिसतं ते शोभेला नसतं. बिल एकाचं आणि खातं दुसऱ्याचं असेल तर तिथेच थांबा. बाजारात तसला गिझर साडेपाच-सहा हजाराला मिळतो, हे नंतर कळलं. नंतर म्हणजे दोन मिनिटं फोनवर शोधल्यावर. ती दोन मिनिटं आधी काढता आली असती.

आता तो क्षण. हा मला रात्री दोन-दोन वाजता जागं करतो.

बसवायचा दिवस, शनिवार. खोका हॉलमध्ये ठेवला होता. तो माणूस ड्रिलला प्लग शोधत आत गेला आणि मी खोक्याजवळ उभी. खोक्याच्या बाजूला पांढरा चौकोनी कागद चिकटवलेला, त्यावर ‘पीएनजी मॉडेल’, म्हणजे पाइपच्या गॅसचं. कागदाचा खालचा कोपरा सुटला होता. डब्यावरची, बाटलीवरची लेबलं नखानं काढायची सवय आपल्या हाताला असतेच, तसा मी तो उचलला. खाली खोक्यावरच लाल अक्षरांत छापलेलं होतं. मला ‘एलपी’ एवढं दिसलं. दिसलं म्हणजे स्वच्छ दिसलं, मी वाचलं. पुढचं अक्षर बघायला अर्धा इंच कागद आणखी ओढायचा होता.

मी काय केलं माहितीये? कोपरा अंगठ्यानं दाबून परत चिकटवला आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेले.

का? काय सांगू. आतून ड्रिलचा आवाज सुरू झाला होता, फरशीला भोक पडत होतं, दहा हजार गेलेच होते. ‘थांबा हो’ म्हणायचं कसं, असं झालं. उगाच संशय घेतेय असं त्याला वाटेल म्हणून मी गप्प बसले. ज्याला मी आयुष्यात परत बघणार नव्हते, त्याला काय वाटेल म्हणून.

ज्यांना एलपीजी आणि पीएनजी म्हणजे सगळा गॅसच असं वाटतं (मलाही वाटायचं), त्यांच्यासाठी सांगते. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतो, पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. दाब वेगळा, उष्णता वेगळी. तेवढ्याच घनफळाच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये पाइपच्या गॅसच्या साधारण अडीच पट उष्णता असते. म्हणून एलपीजीच्या बर्नरच्या जेटचं (गॅस जिथून बाहेर येतो त्या तोटीचं) भोक बारीक आणि पीएनजीचं मोठं. शेगडी पाइपच्या गॅसवर घेताना टेक्निशियन जेट बदलून देतो तो यासाठीच. या गृहस्थानं काय केलं, तर एलपीजीचा गिझर घेतला आणि जेटची भोकं ड्रिलनं वाढवली. मापानं नाही, अंदाजानं. आणि वर कागद चिकटवला.

दुसरी चूक माझ्या तोंडाची. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. काम संपत आलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘अगं, ह्याला धुराडं कुठाय? आमच्या बंबालासुद्धा धुराडं असायचं.’ तो हसला. म्हणाला, ‘आजी, हा नवीन बर्नर आहे, ह्याला धूरच होत नाही.’ मीही हसले. शिवाय म्हणाले, ‘आई, तुमचा बंब लाकडांवर चालायचा, हा गॅस आहे.’ एक्झॉस्ट किटचे १,८५० रुपये मोजून झाले होते आणि पाइप मात्र ‘सोमवारी आणून लावतो’ होता. त्यासाठी खिडकीची एक काच तेवढी त्यानं काढून नेली होती. थंडी येते म्हणून आम्ही तिथे पुठ्ठा लावला. म्हणजे होती ती हवाही आम्हीच आमच्या हातानं बंद केली.

अकराव्या दिवशी मुलगी आंघोळ करून बाहेर आली आणि पलंगावर बसली ती उठेना. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय लटपटतायत. आधी वाटलं उपाशीपोटी गेली म्हणून. मी आत गेले तर आरसा वाफेनं भरलेला, गिझरच्या वरच्या फरशांवर काळी काजळी आणि गिझरच्या खिडकीतून दिसणारी ज्योत पिवळी, लांबलचक, देवापुढच्या समईसारखी. गॅसची ज्योत निळी हवी, एवढं शेगडीपुढे वीस वर्षं काढलेल्या बाईला कळायला नको? कळत होतं हो. तीन-चार दिवस पिवळीच दिसत होती. ‘नवीन आहे, सेट होईल’ असं त्यानंच सांगून ठेवलं होतं.

गॅस बंद केला, पुठ्ठा फाडून काढला, तिला गच्चीत नेलं. तासाभरानं ती ठीक झाली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘गॅस गिझर आहे का?’ गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, पण अर्धवट जळलेल्या गॅसचा असा काही इशारा मिळत नाही. ऑक्सिजनपेक्षा तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला दोनशे पटींहून जास्त जोरानं चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि कडी लावलेल्या बाथरूममध्ये आतच पडतो. मुलगी त्या दिवशी लवकर आवरून बाहेर आली, एवढंच. पैशांचं मी रडतेय, पण ह्या वाक्यापाशी रोज थांबते.

गिझर बाथरूमच्या बाहेर लावा. बाहेर म्हणजे मोकळ्या हवेच्या बाल्कनीत, आणि पाणी पाइपनं आत घ्या. आत लावायलाच हवा असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

त्याचा फोन अर्थातच बंद. मग सुरू झाली वरात.

पहिलं, गॅस कंपनीचं ऑफिस. तिथे मी तक्रारदार म्हणून गेले आणि आरोपी होऊन परत आले. ‘मीटरच्या पुढे अनधिकृत काम तुम्ही करून घेतलंत.’ ‘अहो, तुमचा माणूस म्हणून आला होता.’ ‘आमचा नाही.’ ‘मग त्याच्याकडे तुमचं आयकार्ड कसं?’ ‘ते आम्हाला काय माहीत?’ जोडणी काढणं आणि तपासणी मिळून १,४१६ रुपये माझ्याकडूनच घेतले. आलेला टेक्निशियन मात्र भला होता. जेटची वाकडी भोकं त्यानंच टॉर्च धरून दाखवली आणि हळूच म्हणाला, ‘ताई, ह्या महिन्यातलं हे पाचवं घर.’ पाचवं! मग पाच घरांत मिळून सोसायटीच्या फलकावर एक साधी सूचना लावायला कोणाचा हात दुखत होता?

दुसरी बँक. ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार वैध आहे.’ ते खातं कोणाचं, कुठलं, हे सांगणार नाहीत, गोपनीयता. माझे पैसे ज्या खात्यात गेले त्याची गोपनीयता माझ्यापासून. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. मी बारा दिवसांनी जागी झाले, तोवर खात्यात काय राहणार?

तिसरं पोलीस ठाणं. तीन खेपा. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या खेपेला हवालदार म्हणाले, ‘मॅडम, गिझर दिला ना त्यानं? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.’ मी म्हटलं, परवानगी फी म्हणून पैसे घेतले, कंपनीचा माणूस असल्याचं सोंग केलं, मुलगी मरता मरता वाचली. ‘वाचली ना पण?’ हे शब्द जसेच्या तसे. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. शिक्का घेतल्याशिवाय मी बाकावरून उठले नाही, पावणेदोन तास. मधल्या वेळात तिथे दोघांना चहा आला, एकाचा पंखा दुरुस्त झाला. नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं की भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे आणि ठाण्यात नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. ते पाठवलंय. रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावतीसकट. उत्तर नाही.

ग्राहक आयोगात, मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. भरायला बसले तेव्हा विरुद्ध पक्षाचा पत्ता द्यावा लागणार होता. म्हणून त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तर पोर्टल तो घेईचना. दोनदा टाकला, तीनदा टाकला. मग मोजला.

चौदा.

जीएसटी नंबर पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मग दहा पॅनचे, पुढे तीन. हे मी झोपेत सांगते. ऑफिसात नवीन पोरांना मीच शिकवते. त्या दिवशी बिल हातात घेऊन मी काय तपासलं, तर २,३६० म्हणजे २,००० वर अठरा टक्के, बरोबर. टॅक्सचा हिशेब जुळला म्हणून मला बिल खरं वाटलं. वरचा नंबर मोजला नाही. ऑफिसात हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

खोक्यावर आयएसआयची खूणही होती, छान, ठळक. पण खुणेबरोबर सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक असावा लागतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणाचा परवाना, कशासाठीचा, ते दिसतं. माझ्या खोक्यावर नुसतीच खूण. आणि पाइपलाइनचं काम करायला येणाऱ्याचं कार्ड बघत बसू नका, गॅसबिलावर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. त्यानं दिलेल्या नंबरवर नाही.

काकूंनी त्यांचा गिझर अजून काढलेला नाही. ‘आमचा निळा जळतो गं,’ म्हणतात. दोनदा भांडून झालं, आता मी त्यांच्या सुनेला सांगितलंय.

काच ३५० रुपयांत बसवून घेतली. गिझर बाल्कनीत पडलाय. भंगारवाल्यानं आतली तांब्याची कॉइल बघून २४० रुपये सांगितले, नंतर २६० केले. पुरावा आहे म्हणून दिला नाही. सासूबाईंनी त्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घातलंय आणि मला दिसेल असंच घालतात.