बोटीवरचा शॉवर: बारा व्होल्टचा पंप की फवारणीचा डबा?

भाच्याची छोटी बोट मुरूडहून आणून आमच्या सातपूरच्या शेडमध्ये ट्रेलरवर ठेवलीय. शॉवर बंद. "मामा, नवा बारा व्होल्टचा पंप बसवू, की द्राक्षवाल्यांचा हवा भरायचा फवारणी पंप घेऊ?"

खर्चात फवारणी पंपाला तोड नाही. फक्त कोरा घ्यायचा. औषध मारलेला धुऊनही नको.

पाण्याचं म्हणाल, तर विजेचा पंप मिनिटाला आठ लिटर फेकत असेल तर ४० लिटरची टाकी पाच मिनिटांत कोरडी. डब्यात आठच लिटर, पण तेवढ्यात अंघोळ उरकते, कारण हाताला वजन कळतं.

दुरुस्तीत खरी मेख आहे. विजेचा पंप थांबला म्हणजे मेलाच असं नाही. आधी फ्यूज बघा, मग खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली टर्मिनलं, मग गाळणी. नळ बंद असताना पंप अधूनमधून खटखटतोय? कुठेतरी गळतंय, पाइपाचे क्लॅम्प आवळा. तरी थांबेना, तर पंपाचा व्हॉल्व्ह झिजला असेल. डब्याला वॉशर आणि नोझल, संपलं. कोमट पाणीही थेट ओतता येतं. उकळतं मात्र नको.

दिवसभर फिरून अंगावरचं मीठ उतरवायचं, तर डबा पुरे. रात्रीचा मुक्काम असेल, सिंकलाही नळ हवा असेल, तर विजेचा पंपच. मात्र शॉवरची फरशी बोटीबाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर सांडपाणी उपसायला दुसरा पंप लागतो, तो खर्च आधीच धरा.