डिस्क चांगली होती, तरी ‘गेली’ म्हणून माझ्याकडून पैसे घेतले

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एकूण २१,१०० रुपये गेले. तपासणीचे ५००, मदरबोर्डचे ७,८००, बसवणावळ १,२००, डेटा काढून देण्याचे ८,००० आणि नव्या एसएसडीचे (डेटा साठवणाऱ्या डिस्कचे) ३,६००. यातले शेवटचे दोन आकडे, म्हणजे ११,६०० रुपये, बायोसमधलं (मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) एक सेटिंग न बदलल्यामुळे गेले. बदललं नाही असं नाही, मुद्दाम बदललं नाही. हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते, कारण ते सेटिंग माझ्या भाच्याने माझ्यासमोर चार मिनिटांत बदललं.

मी घरून डीटीपी करते. दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरसमोर असते, पण कॅबिनेट कधी उघडलेलं नाही. त्या आठवड्यात एका पुस्तकाच्या २८८ पानांची फाइल द्यायची होती आणि मंगळवारी सकाळी मशीन सुरूच होईना. पंखे फिरत होते, मॉनिटर काळा. लोक म्हणतील, दोन-तीन ठिकाणी विचारायचं होतं. काम डोक्यावर असताना आणि समोरून फोनवर फोन येत असताना माणूस दोन-तीन ठिकाणी फिरत नाही, पहिल्या दुकानात जातो. मीही तेच केलं.

दुकानदाराने कॅबिनेट उघडलं, दहा मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, “ताई, बोर्ड गेला.” रॅम काढून परत बसवली नाही, एकच रॅम ठेवून चालू करून बघितलं नाही, दुसरा पॉवर सप्लाय लावला नाही, प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची केबल नीट बसली आहे का तेही पाहिलं नाही. पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, याचं कारण बऱ्याचदा नुसती सैल झालेली रॅम असते, हे मला नंतर कळलं. माझा जुना बोर्ड खरंच गेला होता का, हे आता कधीच कळणार नाही, कारण तो मला मिळालाच नाही. “तो बायबॅकमध्ये गेला, म्हणून तर ७,८०० मध्ये बसला,” असं सांगितलं. जुना भाग हातात आल्याशिवाय एक पैसा देऊ नका. खराब असला तरी तो आपला आहे.

दुसऱ्या दिवशी बोलावलं. नवा बोर्ड बसवलेला, मशीन चालू, स्क्रीनवर डिस्प्ले. पण विंडोज येईना. प्रत्येक वेळी मशीन थेट बायोसच्या पानावर जाऊन थांबत होतं. दुकानदाराने तोंड पाडलं. “बोर्ड जाताना डिस्क पण घेऊन गेला. शॉर्ट झाला असणार.”

आता जे सांगते ते नीट वाचा. त्याने मला स्क्रीन दाखवली. पेनाचं टोक बूट लिस्टवर, म्हणजे मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू करता येईल त्या यादीवर, ठेवलं आणि म्हणाला, “बघा, रिकामी आहे.” यादी रिकामीच होती. पण त्याच्या आधीच्या पानावर, वर उजवीकडे, साटा पोर्टच्या (डिस्क जोडायच्या जागेच्या) पुढे माझ्या एसएसडीचं नाव होतं. पूर्ण नाव, मॉडेल नंबर, ४८० जीबी. मी ते वाचलं. मी विचारलंसुद्धा, “दादा, इथे तर नाव दिसतंय ना?” तो म्हणाला, “ताई, ते नुसतं नाव असतं, आत काही नसतं.” आणि त्याने बाणाचं बटण दाबून पान बदललं.

मी गप्प बसले. बरोबर प्रश्न माझ्याच तोंडून निघाला होता, त्याचं चुकीचं उत्तर मी ऐकून घेतलं. पैशांपेक्षा हे जास्त झोंबतं. डिस्क पार मेलेली असेल तर बहुतेक वेळा ती स्वतःचं नाव आणि साइज नीट सांगूच शकत नाही. नाव दिसत असेल तर निदान पुढची तपासणी व्हायला हवी. एवढं साधं तर्काने कळण्यासारखं होतं. पण डोळ्यांपुढे २८८ पानं होती, नऊ वर्षांचं काम होतं, आणि तो माणूस शांतपणे सांगत होता की डेटा काढता येईल, १४,००० लागतील. मी घासाघीस करून ८,००० वर आणलं आणि वर त्याचे आभार मानले.

दीड तासात सगळा डेटा नव्या एसएसडीवर. फोल्डरची नावं तीच, तारखा त्याच, एकही फाइल तुटलेली नाही. तेव्हाही शंका यायला हवी होती. बिघडलेल्या डिस्कमधून फायली काढताना बऱ्याचदा नावं जातात, फोल्डर विस्कटतात, काही फायली अर्धवट येतात, वेळ तर खूपच लागतो. इथे नुसतं कॉपी-पेस्ट झालं होतं. नव्या विंडोजच्या कोपऱ्यात ‘अॅक्टिव्हेट विंडोज’ अशी अक्षरं होती, त्यावर “ते नंतर करून देतो” असं उत्तर. ज्यांचं विंडोज मशीनबरोबर आलेलं असतं त्यांचं लायसन्स जुन्या बोर्डाशी जोडलेलं असतं, वेगळं विकत घेतलेलं असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं. हे बोर्ड बदलायच्या आधी विचारायचं असतं, नंतर नाही.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली. जुनी डिस्क परत मागितली. “भंगार आहे ताई,” तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, माझी कामं आहेत त्यात, द्या.

रविवारी भाचा आला. त्याने ती डिस्क लावली, बायोसमध्ये गेला, सीएसएम (जुन्या पद्धतीच्या डिस्कवरूनही मशीन सुरू करू देणारं सेटिंग) सुरू केलं, त्यासाठी आधी सिक्युअर बूट बंद केलं, सेव्ह करून बाहेर आला. आणि माझा जुना डेस्कटॉप समोर उभा राहिला. डावीकडे प्रकरण सातची फाइल, तिच्या खाली मी लिहून ठेवलेली पिवळी नोट, ‘पान २११ तळटीप तपासणे’. भाचा म्हणाला, “मावशी, याला काहीच झालेलं नव्हतं गं.” मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

कारण समजून घ्या, उद्या तुमच्यावर ही वेळ येईल. माझी डिस्क आणखी जुन्या मशीनवरून तशीच्या तशी क्लोन केलेली, म्हणजे डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची. जुना बोर्ड लेगसी मोडमध्ये, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीने, ती चालवत होता. नवा बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने शोधत होता. त्याला डिस्कवर ईएफआय पार्टिशन, म्हणजे सुरू होण्याच्या फायलींचा वेगळा भाग, लागतं. ते नसलं की डिस्क दिसते, पण बूट लिस्टमध्ये येत नाही. बस. सीएसएम नसलेल्या बोर्डावरही मार्ग आहे: विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्येच आहे, बॅकअप घेऊन डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घेता येते. निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर बायोसमधला साटा मोड (डिस्क बोर्डाशी कुठल्या पद्धतीने बोलते ते सेटिंग) एएचसीआय आहे की रेड, आणि आधी काय होता, ते बघा. बिटलॉकरने (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं साधन) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर डेटा गेला असं कुणी सांगू दे, ऐकू नका. ती की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

मग भाच्याने एमएसइन्फो३२, म्हणजे मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणारं विंडोजचं पान, उघडलं. बेसबोर्ड प्रॉडक्टच्या ओळीत एच३१० चिपसेटचा बोर्ड. मला दिलेल्या खोक्यावर बी३६५. खोकं एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा. बोर्डावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी आधीच संपलेली. म्हणजे ७,८०० रुपयांत वापरलेला बोर्ड. आणि बिल? हाताने लिहिलेलं, ‘बोर्ड १ नग’. मॉडेल नाही, सीरियल नाही. बिलावर दोन्ही लिहून घ्या, समोर उभं राहून लिहून घ्या.

दुकानदार म्हणाला, “ताई, डेटा मिळाला ना तुम्हाला?” पुढे प्रत्येकाने मला हेच ऐकवलं. पोलीस चौकीत दीड तास बसवून ठेवलं आणि मग विचारलं, “डेटा मिळाला ना? मग फसवणूक कुठे झाली? हे ग्राहक तक्रारीत जातं.” मी सीएसएम म्हटलं की समोरचा कंटाळून दुसरीकडे बघायचा. ग्राहक तक्रारीत गेले तर पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल दिलंच नाही, हीच तर तक्रार आहे, असं मी तीन वेळा सांगितलं. तक्रार नंबर मिळाला, अठरा दिवसांनी मेसेज आला की विक्रेत्याने प्रतिसाद दिला नाही, सबब तक्रार बंद. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद! बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बोर्डाच्या कंपनीने सांगितलं, हा सीरियल तुमच्या नावावर नाही. प्रत्येकाचं म्हणणं कागदावर बरोबर, आणि सगळ्यांनी मिळून त्या माणसाला मोकळं सोडलं. मी स्क्रीनचे फोटो, खोक्याचा फोटो, दोन्ही डिस्क घेऊन गेले होते. एकानेही पिशवी उघडून बघितली नाही.

डिस्क दुकानात ठेवून येऊ नका. बोर्ड बदलायचा तर डिस्क काढून घरी ठेवा, बोर्ड नुसता बायोसपर्यंत चालू करून दाखवायला सांगा. बायोसच्या पहिल्या पानाचा फोटो काढा. जुना बोर्ड चालू असेल तर त्याच्याही बूट सेटिंगचा फोटो आधीच काढून ठेवा.

मी जे घडलं ते दुकानाच्या रिव्ह्यूमध्ये आकड्यांसकट लिहिलं. परवा त्याचा मेसेज आला: “ताई ३,००० परत देतो, ते काढून टाका.” मी उत्तरात २१,१०० लिहून पाठवलं, आणि खाली एच३१० च्या ओळीचा फोटो. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी तक्रार पुन्हा उघडायला जाते आहे.