खऱ्या कागदांची खोटी आरएक्स-७

ऐंशीच्या दशकातील जपानी स्पोर्ट्स कार कोणी ‘सर्व कागदपत्रांसह’ विकायला निघाले असेल, तर त्याने दाखवलेला प्रत्येक कागद खरा असूनही आपली फसवणूक होऊ शकते. आमची तशी झाली. आरसी बुक खरे होते, त्यावरचा चेसिस क्रमांक खरा होता, इंजिन तपासताना मापकावर दिसलेला आकडा खरा होता आणि दुरुस्तीची म्हणून पाठवलेली छायाचित्रेही खरीच होती. फक्त यांपैकी एकही गोष्ट दुसरीशी संबंधित नव्हती. तक्रार तपासाधीन असल्यामुळे विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. व्यवहार कसा रचला होता, ते मात्र शक्य तितक्या तपशिलाने सांगतो.

मी आणि माझा भाचा यांनी भागीत घेतलेली ही गाडी म्हणजे दुसऱ्या पिढीची माझदा आरएक्स-७. ती जपानमध्ये १९८५ साली आली आणि जाणकार तिला ‘एफसी’ म्हणून ओळखतात. माझदा हे नाव आपल्याकडे बहुतेकांना स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्या आणि बसगाड्या यांमुळे माहीत आहे. आरएक्स-७ भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. ज्या मोजक्या गाड्या येथे आहेत त्या कोणी ना कोणी खासगीरीत्या आणलेल्या, आणि पुष्कळदा परदेशातून कायमचे परतताना ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’च्या तरतुदीखाली सोबत आणलेल्या. आज ती वाट बंद आहे, कारण वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. त्यामुळे अशा गाडीच्या किमतीत पत्र्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा कागदांचा असतो. आणि जेथे कागदाला स्वतंत्र किंमत येते तेथे कागदाचा स्वतंत्र बाजारही तयार होतो.

हा बाजार चालतो कसा, हे मला नंतर समजले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी बुक रद्द करण्यासाठी जमा करायचे असते. प्रत्यक्षात गाडी भंगारात जाते, बुक कपाटात राहते, आणि कधीतरी त्या बुकाला गिऱ्हाईक मिळते. दुसऱ्या बाजूला कागद नसलेल्या गाड्यांचे सांगाडे, किंवा सुटे भाग म्हणून आलेले ‘हाफ-कट’, म्हणजे कापून अर्ध्या केलेल्या गाड्या, स्वस्तात मिळतात. हे दोन्ही एकत्र आणणारा माणूस हुशार असेल तर आरटीओच्या नोंदीत काहीही खोटे न लिहिता एक संपूर्ण खोटी गाडी उभी राहते.

आमचा विक्रेता पुण्याच्या नऱ्हे परिसरात वर्कशॉप चालवत असे. तो घाई करणारा, गळ्यात पडणारा माणूस नव्हता. उलट ‘ही गाडी मला विकायचीच नाही’ येथूनच त्याने बोलण्यास सुरुवात केली आणि बऱ्याच भेटींनंतर, जणू आमच्यावर उपकार म्हणून, किंमत सांगितली. सौदा नऊ लाखांना ठरला आणि इसार म्हणून दोन लाख दिले. इसारपावती स्टॅम्प पेपरवर झाली. तिच्यात नोंदणी क्रमांक होता, चेसिस क्रमांक होता, ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द होते; मात्र मॉडेलचा कोड आणि इंजिनाची क्षमता यांचा उल्लेख नव्हता. मसुदा त्याचाच होता, आणि ही वगळलेली माहिती किती विचारपूर्वक वगळली होती, हे आता वाचताना स्पष्ट दिसते.

इंजिनाची तपासणी त्याने आमच्यासमोर करून दाखवली. आरएक्स-७ चे इंजिन ‘रोटरी’ असते; त्यात पिस्टन नसतात. अंड्याच्या आकाराच्या पोकळीत एक त्रिकोणी रोटर फिरतो, त्याच्या तीन कोपऱ्यांवर ‘एपेक्स सील’ नावाच्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांमुळे पोकळीचे तीन कप्पे पडतात. एफसीच्या १३बी इंजिनात असे दोन रोटर, म्हणजे सहा पट्ट्या. एक पट्टी तुटली तरी तिच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतील दाब गळतो आणि इंजिन पूर्ण खोलण्याशिवाय इलाज उरत नाही. विक्रेत्याने स्पार्क प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावला, स्टार्टर फिरवला आणि काटा समाधानकारक आकड्यावर जाऊन थांबला. दुसऱ्या रोटरलाही तसेच.

यातील मेख अशी की साध्या गेजमध्ये हवा परत जाऊ न देणारी झडप असते. पिस्टनच्या इंजिनाला ते योग्यच आहे, परंतु रोटरीत तीन कप्पे एकामागून एक त्याच प्लगसमोरून जातात आणि झडप त्यांतील सर्वांत चांगल्या कप्प्याचा दाब धरून ठेवते. दोन कप्पे मेलेले असले तरी काटा तिसऱ्याचाच आकडा दाखवतो. झडप काढून टाकली, तर काटा प्रत्येक कप्प्याला उसळी घेतो आणि त्या उसळ्या सारख्या आहेत की लंगड्या, हे डोळ्यांनी दिसते. रोटरीसाठी बनवलेले खास मापकयंत्र तिन्ही आकडे वेगळे देते. एफसीसाठी मर्यादा अशी आहे की २५० आरपीएमला कोणताही कप्पा ६ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या खाली नसावा आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत दीड किलोपेक्षा अधिक फरक नसावा. तपासणीआधी प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडले तर झिजलेली पट्टीही काही वेळ दाब धरते, हेही लक्षात ठेवावे. गाडी आपण येण्यापूर्वीच सुरू करून ठेवलेली असेल, तर ती पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मगच सुरू करण्यास सांगावे.

आता कागदांकडे वळतो, कारण खरी कारागिरी तेथे होती. आरसी बुकात उत्पादनाचे वर्ष १९८५ आणि क्षमता ११४६ सीसी लिहिलेली होती. वर्षाबद्दल शंका येण्याचे कारण नव्हते, कारण १९८५ हे पहिल्या पिढीच्या आरएक्स-७ चे अखेरचे आणि दुसऱ्या पिढीचे पहिले वर्ष. दोन्ही गाड्या त्यात बसतात. क्षमतेबद्दल भाच्याने विचारले तेव्हा उत्तर तयार होते. “साहेब, रोटरीची सीसी प्रत्येक देश वेगळी मोजतो. जपानमध्ये टॅक्ससाठी दीडपट धरतात. आपल्या आरटीओने त्यांच्या हिशेबाने लिहिली.”

या उत्तरात जपानच्या दीडपटीचा भाग अगदी खरा आहे, म्हणूनच ते पटते. मात्र हिशेब करून पाहावा. दुसऱ्या पिढीच्या १३बी इंजिनात प्रत्येक रोटरची क्षमता ६५४ सीसी, दोन्ही मिळून १३०८. त्याची दीडपट १९६२ होते. १३०८ चे ११४६ कोणत्याही देशाच्या हिशेबाने होत नाहीत. ११४६ ही ५७३ ची दुप्पट आहे, आणि ५७३ सीसीचा रोटर असतो १२ए इंजिनात, जे पहिल्या पिढीच्या गाडीला होते. आरसी बुक स्वतःच सांगत होते की ते दुसऱ्या गाडीचे आहे.

चेसिस क्रमांकाचेही तसेच. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या त्या काळच्या गाड्यांना सतरा आकडी व्हीआयएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा ओळख क्रमांक, नसे. मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ आणि अनुक्रमांक, असा क्रमांक फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, ठोकलेला असे. दुसऱ्या पिढीच्या १३बी गाडीचा क्रमांक ‘एफसी३एस’ने सुरू होतो, पहिल्या पिढीचा ‘एसए२२सी’ने. आमच्या गाडीच्या फायरवॉलवर ‘एसए२२सी’ होते आणि बुकातही तेच होते. एजंटाने कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, बुकाशेजारी धरला, अक्षरन् अक्षर जुळले आणि सर्वांचे समाधान झाले. ठसा बुकाशी जुळतो का, एवढेच तेथे पाहिले जाते. तो ठसा ज्या पत्र्यावर आहे तो पत्रा समोरच्या गाडीचा आहे का, हे कोणी पाहत नाही.

पूर्ण रक्कम दिल्यावर गाडी त्याच्याच वर्कशॉपमध्ये पुनर्बांधणीसाठी ठेवली. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले आणि प्रत्येक टप्प्याला पुरावा येत गेला, हे या माणसाचे वैशिष्ट्य. इंजिन खोलल्याची छायाचित्रे आली: स्वच्छ केलेले रोटर, नव्या पट्ट्या, ओळीने मांडलेले सील. भाच्याने ती मोठी करून पाहिली तेव्हा टेबलामागच्या भिंतीवर तीन चपट्या, चौकोनी भोकांचे विजेचे सॉकेट दिसले. आपल्याकडे पिनांची भोके गोल असतात. तसले सॉकेट ब्रिटनमध्ये, मलेशियात, आखाती देशांत असते. इंजिन नऱ्ह्यात खोललेले नव्हते. ते कोणाचे होते, कोठे खोलले गेले, हे त्या छायाचित्रांच्या खऱ्या मालकालाच ठाऊक.

त्यानंतर ‘परदेशातून मागवलेला माल कस्टम्समध्ये अडकला आहे, ड्युटी आजच भरावी लागेल’ असा निरोप आला आणि सोबत वैयक्तिक यूपीआय क्रमांक. येथे आम्ही थांबलो. परदेशातून आलेल्या पार्सलवर शुल्क लागले तर त्याचे बिल ऑफ एंट्री निघते, त्याला क्रमांक असतो, तो क्रमांक सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि कुरिअर कंपनी माल मागवणाऱ्याकडून ओळखीची कागदपत्रे घेते. आम्ही फक्त बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक मागितला. आधी ‘उद्या देतो’, मग ‘एजंट गावाला गेला आहे’, मग फोनच लागेना.

गाडी आम्ही पेंटच्या निमित्ताने तेथून उचलून टोइंगने भोसरीला एका जुन्या डेंटिंगवाल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना आरएक्स-७ म्हणजे काय हे माहीत नव्हते, आणि त्याची गरजही पडली नाही. बॉनेट उघडून त्यांनी फायरवॉलवरून अंगठा फिरवला, मग हातोडीच्या दांड्याने दोन ठिकाणी ठोकले. “काका, हा आवाज ऐका, आणि हा ऐका. इथला पत्रा वेगळा आहे. तुकडा कापून बसवलाय, वर लांबी भरून रंग मारलाय.” लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडल्यावर क्रमांकाच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची सलग, घासून सपाट केलेली रेघ दिसली. कारखान्यात तेथे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके असतात. अशी चौकट कधीच नसते. पुढे इंजिन खोलले तेव्हा मागच्या रोटरची एक पट्टी तुटलेली आणि दुसऱ्या दोन गंजलेल्या निघाल्या. नवा सील एकही नव्हता.

पोलिसांकडे गेलो तेव्हा प्रथम ‘काम नीट केले नाही, पैसे परत द्यावेत, हे दिवाणी स्वरूपाचे आहे’ असे ऐकावे लागले, आणि आमचा पहिला अर्ज वाचून कोणालाही तसेच वाटले असते, कारण त्यात दुरुस्तीच्या पैशांचीच कहाणी अधिक होती. वकिलांनी अर्ज उलटा लिहायला लावला: आधी कापून बसवलेला चेसिस क्रमांक, मिस्त्रींचा जबाब आणि छायाचित्रे, मग आरसीतील ११४६ आणि इंजिनाची १३०८ ही विसंगती, दुरुस्तीचे पैसे सर्वांत शेवटी. त्यानंतर दखल घेतली गेली. १ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते, त्याआधीच्यांना भारतीय दंड संहितेचे ४२०. दुरुस्तीच्या कामापुरती ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, मात्र दोन वर्षांच्या मुदतीत.

या काळात एका एजंटाने सुचवले की गाडीला पुन्हा नीट लांबी भरून घ्यावी आणि ती दुसऱ्या कोणाला तरी देऊन मोकळे व्हावे. हा सल्ला किती सहजपणे दिला गेला, यावरून अशा किती गाड्या या हातातून त्या हातात फिरत असतील याचा अंदाज यावा. तसे करणारा स्वतःच फसवणुकीतील आरोपी होतो. शिवाय सीमाशुल्क न भरता आलेला सांगाडा सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली जप्तीस पात्र असतो, मग तो आज कोणाच्याही दारात उभा असो. आमची गाडी भोसरीतच आहे. चेसिसचा तुकडा पुरावा असल्यामुळे त्याला हात लावलेला नाही आणि पासिंगसाठी ती नेण्याचा प्रश्नच नाही.

मध्यंतरी कोल्हापूरच्या एका तरुणाने माझ्या भाच्याशी संपर्क साधला. त्याला त्याच विक्रेत्याने दुसऱ्या रंगाची एफसी दाखवली होती, सोबत एका आरसी बुकाचे छायाचित्र, आणि इसार त्याच आठवड्यात मागितला होता. भाच्याने त्याला दोनच गोष्टी मागायला सांगितल्या: बुकातील इंजिन क्षमतेचे पान आणि फायरवॉलवरील क्रमांकाचे, आजूबाजूचा हातभर पत्रा दिसेल असे, दिवसाच्या उजेडातले छायाचित्र. त्याने तसा संदेश पाठवला. तेव्हापासून विक्रेत्याने त्याचा फोन उचललेला नाही.