नऊ महिने ग्लायसीनवर: निकेल फेराइटचा अनुभव

निकेल फेराइट म्हणजे निकेल आणि लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड. मफल भट्टीची (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीची) कॉइल जळली नसती तर ते बनवायची सॉलिड स्टेट पद्धत, म्हणजे कोरडी ऑक्साइडं खलून भाजणं, मी सोडलीच नसती. निकेल ऑक्साइड, फेरिक ऑक्साइड, खल, ११०० अंश, परत खल. हात दुखायचे, पण जेवढं घातलं तेवढं निघायचं. सर्व्हिसवाला पंधरा दिवस ‘उद्या येतो’ म्हणत राहिला, म्हणून हॉटप्लेटवर ज्वलन पद्धत धरली: धातूंची नायट्रेटं आणि इंधन म्हणून ग्लायसीन पाण्यात विरघळवून आटवायचं, की ते आपोआप पेटतं आणि फेराइटची पावडर उरते. बंगळुरूच्या आयआयएससीत १९८८ मध्ये के. सी. पाटलांच्या गटाने युरिया वापरून अ‍ॅल्युमिना केला, त्याच घराण्यातली.

एक मोल फेराइटला ४.४४ मोल ग्लायसीन, हे प्रमाण ही पद्धत वापरणाऱ्यांना पाठ असेलच. जेल फुगतं, तांबडा धूर येतो, ठिणगी पडते, संपलं.

आणि पावडर उडते! दहा ग्रॅमच्या हिशोबात हाती सहा, बाकी फ्यूम हूडच्या (धूर ओढणाऱ्या कपाटाच्या) काचेला. मला हे सोसेना. एवढी महागाची नायट्रेटं काय काच रंगवायला आणली? शेवटी दुधाच्या पातेल्यावरची स्टीलची जाळी आणून बीकरवर ठेवली. आता नऊच्या आसपास मिळते. या पद्धतीवरचा माझा अर्धा राग त्या जाळीनेच घालवला.

उरलेला अर्धा घनतेचा. एक्सरे घनता, म्हणजे आत एकही पोकळी नसती तर जी असती ती, ५.३८ ग्रॅम प्रति घन सेंमी. सॉलिड स्टेटची पेलेट (पावडर दाबून केलेली वडी) १२०० अंशांवर तिच्या ८९ टक्क्यांना पोचायची, हिची ८४. बारीक पावडर चांगली सिंटर होते, म्हणजे भाजताना कण घट्ट जुळतात, म्हणतात, मग हे काय? तीन महिने शिव्या दिल्या. चूक माझी निघाली: कण बारीक, पण त्यांचे गठ्ठे पक्के, आणि मी ते तसेच दाबत होतो. इथेनॉलमध्ये रात्रभर बॉल मिल केल्यावर (कठीण गोळ्यांसोबत फिरवून दळल्यावर) ९४.

पावसाळ्यात मात्र चुंबकत्व घसरलं. एक्सआरडी (एक्सरेने स्फटिक ओळखायची तपासणी) वरवर स्वच्छ. फेरिक नायट्रेटने ओल धरली होती, म्हणजे वजनात पाणी जास्त आणि लोह कमी. उरलेल्या निकेलचं निकेल ऑक्साइड झालं, आणि त्याच्या ३७ नि ४३ अंशांच्या रेषा बरोबर फेराइटच्या रेषांखाली लपतात. ४३ ची रेषा जरा जाड दिसली होती, मी दुर्लक्ष केलं. बाटली आता डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) असते.

भट्टी एकदाची दुरुस्त झाली, आता फक्त सिंटरिंगला लावतो. बिलात व्हिजिट चार्ज दोनदा धरलाय. न आलेल्या दिवसाचाही.